टेबल एक, कारागीर दोन

लोखंडी पाय आणि लाकडी टॉपचे डायनिंग टेबल आपल्या मापाने करून घेण्याकडे कल वाढतो आहे. फरीदाबादसारख्या कारखान्यांच्या शहरात ते सहज करून मिळतेही. पण लोखंड आणि लाकूड यांचे जमवून देण्याची जबाबदारी कोणाची, हे आधी ठरले नाही, तर टेबलाला चीर पडायला एक उन्हाळा पुरतो.

नवे घर घेतले, पलंग-कपाट झाले, सोफा आला, की डायनिंग टेबलाचा विषय निघतो. दुकानात पाहिलेले टेबल आवडते, पण ते ठेवले तर स्वयंपाकघराचे दार उघडत नाही. लहान घेतले, तर सासू-सासरे गावाहून आले की दोघांना सोफ्यावर ताट घेऊन बसावे लागते. शेवटी घरातले कोणीतरी म्हणते, "आपल्या मापाचे करूनच घेऊ या की."

विचार चांगलाच असतो. लोखंडी फ्रेम आणि वर जाड लाकडी टॉप असे टेबल दिसायला हलके, वागवायला भक्कम. चार लाकडी पायांच्या जुन्या टेबलाप्रमाणे त्याचे सांधे सैल होत नाहीत. बदलीच्या नोकरीत घर हलवावे लागले, तर चार-सहा बोल्ट काढून ते सुटे करता येते. शिवाय पिढ्यान् पिढ्या टिकेल असे काही घरात आल्याचे समाधान वेगळेच.

मात्र अशा टेबलाबद्दलच्या तक्रारीही ठरावीक असतात. टॉपच्या मधोमध चीर पडते, कडा वर उचलल्या जातात, ताट ठेवले की डुगडुगते, पायांच्या तळाशी गंज धरतो. लाकूड वाईट निघाले, असे म्हणून घरचे लोक सुताराला दोष देतात. सुतार वेल्डरकडे बोट दाखवतो. वेल्डर म्हणतो, "मला जे माप दिले, ते मी केले." खरे तर बहुतेक वेळा दोष लाकडाचाही नसतो आणि लोखंडाचाही नसतो. दोष असतो दोघांना जोडण्याच्या रीतीत.

लोखंडाचे शहर

दिल्लीच्या दक्षिणेला मथुरा रोडवर वसलेले फरीदाबाद हे मूळचे जुने गाव. जहांगीर बादशहाचा खजिनदार शेख फरीद याने ते १६०७ मध्ये वसवले, असे मानले जाते. पण आजचे शहर घडले ते फाळणीनंतर. वायव्य सरहद्द प्रांतातल्या बन्नू, डेरा इस्माइल खान, कोहाट या भागांतून आलेल्या निर्वासितांसाठी १९४९ मध्ये येथे नवी वसाहत उभारण्याचे काम सुरू झाले. घरे ठेकेदाराकडून बांधून घेण्यापेक्षा निर्वासितांनीच ती बांधावीत आणि त्यातून कामही मिळवावे, असा आग्रह धरला गेला. कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या इंडियन को-ऑपरेटिव्ह युनियनने त्यांच्या सहकारी संस्था उभ्या करायला मदत केली. कधी थापी किंवा करवत हाती न धरलेली माणसे येथे कारागीर झाली. या कामात स्वतः असलेले एल. सी. जैन यांनी ही हकिगत पुढे 'द सिटी ऑफ होप' या १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात लिहिली.

त्या वसाहतीचे नाव न्यू इंडस्ट्रियल टाउनशिप, म्हणजे आजचा एनआयटी भाग. पुढे ट्रॅक्टरपासून मोटारीच्या सुट्या भागांपर्यंत नाना कारखाने येथे आले. मेट्रोच्या एका स्टेशनाचे नावच 'एस्कॉर्ट्स मुजेसर' आहे. मोठ्या कारखान्यांच्या आधाराने पत्रा कापणारे, पाइप वाकवणारे, वेल्डिंग करणारे, पावडर कोटिंग करणारे छोटे वर्कशॉपही वाढले. त्यामुळे टेबलाची लोखंडी फ्रेम येथे हव्या त्या मापाने बनते.

लाकडाचीही वाण नाही. दिल्लीच्या कीर्तिनगरचा लाकूड आणि फर्निचरचा बाजार जवळ आहे. प्लायवुडसाठी प्रसिद्ध असलेले यमुनानगर हरियाणातच आहे आणि शीशमवरच्या कोरीवकामाचे सहारनपूर शेजारच्या उत्तर प्रदेशात. दरवर्षी फेब्रुवारीत सूरजकुंडला भरणाऱ्या हस्तकला मेळ्यात, जो १९८७ पासून भरतो, देशभरचे लाकूडकाम एका ठिकाणी पाहायला मिळते.

म्हणजे वेल्डर आहे, सुतारही आहे. पण दोघांची दुकाने वेगळी, भाषा वेगळी आणि हिशेबही वेगळे. एकाचे माप मिलिमीटरमध्ये, दुसऱ्याचे सूत आणि इंचात. त्या दोघांच्या मध्ये उभे राहणारे माणूस म्हणजे गिऱ्हाईक. म्हणून निदान चार गोष्टी गिऱ्हाइकाला माहीत हव्यातच.

लाकूड हलते, लोखंड हलत नाही

झाड कापले तरी लाकूड हवेतला ओलावा घेणे आणि सोडणे थांबवत नाही. ओलावा घेतला की ते फुगते, सोडला की आकसते. गंमत अशी की लांबीच्या, म्हणजे रेषांच्या दिशेने हा फरक जवळपास शून्य असतो. तो पडतो रुंदीत.

फरीदाबादची हवा या बाबतीत फार कठोर. मे-जूनमध्ये लू वाहते, तेव्हा हवा कोरडी ठणठणीत. जुलै-ऑगस्टमध्ये तीच हवा ओलीचिंब. तीन फूट रुंदीच्या सागवानी टॉपमधल्या ओलाव्यात या काळात चार टक्क्यांचा फरक पडला, तर त्याची रुंदी पाच ते सात मिलिमीटरनी बदलू शकते. तेवढ्याच रुंदीच्या लोखंडी पट्टीचे तापमान तीस अंशांनी वाढले, तरी ती मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढीच वाढते. थोडक्यात, वर लाकूड हलू पाहते आणि खाली लोखंड त्याला हलू देत नाही. टॉप सगळीकडून घट्ट स्क्रूने आवळलेला असेल, तर लाकडापुढे दोनच मार्ग उरतात. चिरायचे किंवा वळायचे.

उपाय अगदी साधा आहे आणि त्याला खर्चही नगण्य. फ्रेमची जी पट्टी टॉपच्या रुंदीला आडवी जाते, तिच्यात मधले भोक गोल ठेवावे आणि कडेची भोके रुंदीच्या दिशेने लांबट करून घ्यावीत. ८ मिलिमीटरच्या बोल्टसाठी १८ ते २० मिलिमीटर लांब भोक पुरते. रुंद वॉशर घालून बोल्ट आवळला, की टॉप जागचा हलत नाही, पण फुगायला-आकसायला त्याला वाव राहतो. मधे घट्ट, कडेला मोकळे, एवढे सूत्र लक्षात ठेवले तरी पुरे.

नुसते लाकडी स्क्रू मारण्याऐवजी लाकडात लोखंडी किंवा पितळी नट बसवून घ्यावेत आणि त्यांत बोल्ट घालावेत. स्क्रू दोन-तीन वेळा काढला-घातला की लाकडातली पकड जाते. नट-बोल्टचे टेबल कितीही वेळा सुटे करता येते.

आणखी एक गोष्ट बहुतेक ठिकाणी राहून जाते. पॉलिश फक्त वरून करतात, खालची बाजू कोरी ठेवतात, कारण ती कोणाला दिसत नाही. मग खालची बाजू ओलावा लवकर घेते, वरची उशिरा, आणि फळीला पन्हळासारखा बाक येतो. खालूनही पॉलिशचे हात हवेतच.

शीशम म्हणजे शिसवी नव्हे

उत्तरेकडच्या दुकानात 'शीशम' ऐकले की मराठी माणसाला आजोळच्या काळ्याभोर शिसवी पलंगाची आठवण होते. ही दोन्ही झाडे एकाच कुळातली, पण वेगळी. आपला शिसव दक्षिणेकडच्या आणि मध्य भारतातल्या जंगलांत वाढणारा, गडद आणि महाग. उत्तरेचा शीशम म्हणजे शिसू. तो पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेशात कालव्यांच्या आणि रस्त्यांच्या कडेलाही दिसतो. रंग सोनेरी ते तपकिरी, गडद रेषांचा. टेबलासाठी तो उत्तम, कणखर आणि जड. फक्त शिसवीच्या भावाने तो घेऊ नये.

सागवानाच्या बाबतीत गोष्ट उलटी आहे. लाकडाच्या बाजारात व्यापारी 'सी. पी. टीक' म्हणून जे सांगतात, त्यातले सी. पी. म्हणजे जुना मध्य प्रांत. आजच्या मध्य प्रदेशाबरोबर आपल्या विदर्भातली जंगलेही त्यात येत. प्रांताचे नाव १९५० मध्ये गेले, बाजारातले राहिले. २८ मे २०२३ रोजी उद्घाटन झालेल्या नव्या संसद भवनासाठीही सागवान नागपूरहून आणले होते. साग ओलाव्याने कमी हलतो आणि त्याला वाळवीही सहसा लागत नाही, म्हणून त्याला मान. पण आता बाजारात आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या लागवडीचा सागही भरपूर येतो. तो वाईट नसतो, पण 'सागवान' या एका शब्दावर भाव मान्य करू नये. कोठला, किती वर्षांचा, हे विचारावे.

कमी खर्चात आंब्याचे किंवा बाभळीचे लाकूडही चालते. आंब्याला किडीचा धोका जास्त, म्हणून त्यावर औषधाची प्रक्रिया झालेली असावी. कोणतेही लाकूड असो, फळीच्या कडेचा फिकट पांढुरका भाग कमीत कमी असावा, कारण कीड तेथूनच सुरू होते. गाभ्याचे लाकूड गडद आणि टिकाऊ.

जातीपेक्षाही महत्त्वाचे आहे ते लाकूड नीट वाळलेले असणे. भट्टीत सीझन केलेल्या लाकडातला ओलावा ८ ते १२ टक्के असावा. तो मोजण्याचे छोटे यंत्र चांगल्या लाकूडवाल्याकडे असते. "मोजून दाखवा" म्हणायला संकोच करू नये. टॉप एकाच रुंद फळीचा असण्यापेक्षा तीन ते पाच इंच रुंदीच्या फळ्या जोडून केलेला बरा, तो कमी वळतो. ज्यांना हा सगळा व्याप नको, त्यांनी चांगल्या प्लायवुडवर सागाचे व्हिनियर लावून घ्यावे. प्लायवुडचे थर आडवे-उभे चिकटवलेले असल्याने ते जवळपास हलतच नाही. फक्त कडांना लाकडी पट्टी हवी आणि पुढे खरवडून नवे पॉलिश करायला वाव कमी.

आधी माणसांचे माप, मग टेबलाचे

टेबलाची उंची ३० इंच आणि खुर्चीच्या बैठकीची १८ इंच हे सर्वसाधारण माप. दोन्हींमध्ये ११ ते १२ इंचांचे अंतर हवे. खुर्च्या आधीच घरात असतील, तर त्या मोजून मगच टेबलाची उंची ठरवावी. माणशी २ फूट जागा धरावी. सहा जणांसाठी ६ फूट बाय ३ फूट हे माप ऐसपैस होते. खुर्ची मागे सरकवून उठायला आणि मागून कोणाला वाढायला जाता येण्यासाठी टेबलाच्या कडेपासून भिंतीपर्यंत ३ फूट जागा ठेवावी. जमिनीवर वर्तमानपत्रे टेबलाच्या आकारात पसरून दोन दिवस त्याभोवती वावरून पाहावे. हॉल किती उरतो, ते आपोआप कळते.

फ्रेमची आडवी पट्टी कोठे येते, हेही पाहावे. दोन्ही टोकांना चौकोनी रिंगसारख्या दोन फ्रेम आणि त्यांना वर जोडणाऱ्या दोन पट्ट्या, अशी रचना पायांना अडत नाही. पाय टोकापासून १० इंच ते फूटभर आत असावेत. फार आत घेतले किंवा दिसायला छान म्हणून मधोमध एकाच खांबावर जड टॉप ठेवला, तर धोका असतो. घरातली वृद्ध माणसे उठताना टेबलाच्या कडेवर भार देऊन उठतात. लहान मुले कडेला लोंबकळतात. अशा वेळी टेबल कलंडता कामा नये. वर्कशॉपमध्येच टोकावर जोर देऊन पाहावे. कोपरे गोलसर करून घ्यावेत. मुलाचे डोके आणि टेबलाचा कोपरा यांची उंची बहुधा सारखीच असते.

आणि एक माप सगळेच विसरतात. ते म्हणजे जिन्याचे आणि लिफ्टचे. बिल्डर फ्लोअरच्या अरुंद जिन्यातून सहा फुटांचा अखंड टॉप वळत नसेल, तर तयार टेबल खालीच राहील.

वजनावरून पारख

करून घ्यायच्या वस्तूचा भाव दुकानात लिहिलेला नसतो. म्हणून माल किती लागतो, याचा अंदाज स्वतःला हवा.

लाकूड घनफुटावर विकले जाते. ६ फूट लांब, ३ फूट रुंद आणि सव्वा इंच जाडीच्या टॉपमध्ये पावणेदोन ते दोन घनफूट लाकूड असते. कापण्यात आणि रंध्यात जाणारे धरून अडीच ते पावणेतीन घनफूट लागते. चार घनफूट सांगितले, तर कारण विचारावे.

लोखंड किलोवर विकले जाते. ५० बाय ५० मिलिमीटरचा आणि २ मिलिमीटर जाडीचा, म्हणजे साधारण १४ गेजचा पाइप मीटरला ३ किलो भरतो. वर सांगितलेल्या फ्रेमला सुमारे ८ मीटर पाइप लागतो, म्हणजे २४ किलो. तोच पाइप १८ गेजचा वापरला, तर वजन भरेल १५ किलो. रंग दिल्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. फरक कळतो तो टेबल डुगडुगू लागल्यावर. म्हणून फ्रेम काट्यावर ठेवून घ्यावी.

रंगाआधी फ्रेम एकदा प्रत्यक्ष पाहावी. वेल्डिंग सांध्याच्या चारही बाजूंनी पूर्ण हवे, नुसते टाके मारून सोडलेले नको. पाइपची उघडी तोंडे बंद केलेली हवीत. सगळी भोके पावडर कोटिंगच्या आधीच पाडलेली हवीत. पावडर कोटिंगमध्ये विजेच्या भाराने चिकटलेली पावडर १८० ते २०० अंशांच्या भट्टीत वितळवून पक्की करतात. त्यानंतर भोक पाडले की तेथून गंज सुरू होतो. पायांच्या तळाशी उंची कमी-जास्त करता येणारे नायलॉनचे बूट बसवून घ्यावेत. फरशी रोज ओल्या फडक्याने पुसली जाते आणि लोखंड तेथेच कुजते.

तक्रार कोणाकडे करणार?

खरा पेच येथेच आहे. फ्रेम एकाकडून आणि टॉप दुसऱ्याकडून घेतला, तर थोडे पैसे वाचतात, पण चीर पडली की दोघेही हात झटकतात. त्यापेक्षा पूर्ण टेबलाची जबाबदारी एकाने घ्यावी आणि दुसऱ्याचे काम त्यानेच करून घ्यावे, हे शहाणपणाचे. दोघांकडूनच करून घ्यायचे असेल, तर निदान दोघांना एकदा समोरासमोर बसवून भोकांची जागा आणि मापे कागदावर काढून घ्यावीत.

ओळखीचा मिस्त्री आहे, त्याच्याकडून काय लिहून घ्यायचे, या भिडेपायी आपल्याकडे अनेकांचे नुकसान होते. लिहून घेण्यात अविश्वास नसतो. त्याने कारागिराचेही रक्षण होते, कारण अर्धे काम झाल्यावर गिऱ्हाइकाने माप बदलले, तर त्याचेही पैसे बुडतात. सगळी रक्कम आधी देऊ नये. थोडी ऑर्डर देताना, थोडी फ्रेम पाहिल्यावर आणि उरलेली टेबल घरात उभे राहिल्यावर द्यावी. जीएसटीसह पक्के बिल घ्यावे आणि त्यावर लाकडाची जात लिहून घ्यावी.

ठरल्यापेक्षा वेगळा माल दिला किंवा काम सदोष निघाले, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हाताशी आहे. हा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यानुसार ग्राहक आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडेही तक्रार करू शकतो. मुदत दोन वर्षांची आहे आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीबद्दलच्या तक्रारीला शुल्क नाही. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करून पाहावा. पण या सगळ्याला आधार एकच, हातातला कागद.

ऑर्डर देताना कागदावर काय हवे?

● टॉपची लांबी, रुंदी, जाडी आणि लाकडाची जात.
● लाकडातला ओलावा १२ टक्क्यांपेक्षा जास्त नसेल, असे आश्वासन.
● पाइपचे माप आणि जाडी. फ्रेमचे अंदाजे वजन.
● टॉप जोडण्याची रीत. मधले भोक गोल, कडेची लांबट.
● पॉलिशचा प्रकार आणि ते दोन्ही बाजूंनी असेल, हा उल्लेख.
● टेबल घरी आणून जोडून देण्याची तारीख आणि त्याचा खर्च कोणाचा.
● एक उन्हाळा आणि एक पावसाळा उलटेपर्यंत चीर किंवा बाक आल्यास दुरुस्तीची हमी.

घरी आल्यावर

टेबल कूलरच्या किंवा एसीच्या थेट झोतात आणि खिडकीच्या उन्हात ठेवू नये. कुकर किंवा कढई थेट टॉपवर ठेवली, तर पॉलिशवर पांढरे वलय उमटते, म्हणून खाली जाड आसन ठेवावे. हळदीचा डाग ओला असतानाच पुसावा. जेवणानंतर ओले फडके फिरवले, की लगेच कोरडे फिरवावे. पहिला पावसाळा संपला, की सगळे बोल्ट एकदा तपासून घ्यावेत.

या सूचना फरीदाबादपुरत्याच नाहीत. नागपूर-चंद्रपूरकडेही उन्हाळा तसाच कोरडा आणि पावसाळा ओला. तेथे टॉपला हलायला वाव ठेवणे तितकेच गरजेचे. कोकणात हवा वर्षभर दमट, त्यामुळे लोखंडाच्या गंजाकडे जास्त लक्ष हवे. भोसरी, अंबड, बुटीबोरी अशा औद्योगिक वसाहतींच्या आसपास फ्रेम करून देणारे वर्कशॉप सापडतात आणि सुतार तर प्रत्येक गावात आहे. दोघांना एका कागदावर आणले, की काम झाले.

जमिनीवरच्या पाटावरून आपण टेबलावर आलो, त्याचा एक मोठा फायदा झाला. पंगतीत वाढणारी बाई शेवटी एकटी जेवायला बसायची. टेबलाच्या मधोमध भांडी ठेवली, की तीही सगळ्यांबरोबर बसू शकते. म्हणून माप ठरवताना घरातल्या माणसांची मोजणी करताना तिची खुर्ची धरली आहे ना, एवढे मात्र आधी पाहावे.